औषधाबरोबर भाकरी हाही हक्कच आहे
(जव्हार-मोखाडा भागातील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर केलेले भाषण)



वकिलाने क्षयरोगावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. रोगाविषयी डॉक्टरांनी बोलावे आणि वकिलाने सातबाराविषयी अगर पोटगीविषयी बोलावे, अशी आपली समजूत असते. माझीही तशीच होती. एका अशिलाच्या प्रकरणाने ती बदलली. ती हकीकत मी पुढे सांगणार आहे, कारण तीत दोष माझाही आहे. प्रारंभी एवढेच सांगतो, की ह्या दोन तालुक्यांत माणूस ज्या कारणांनी क्षयाने आजारी पडतो, त्यांतील पुष्कळशी कारणे डॉक्टरांच्या पिशवीत सापडत नाहीत. ती शिधापत्रिकेत, मजुरीच्या हिशेबात आणि घरातील वागणुकीत सापडतात.

24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे बर्लिन येथे जाहीर केले. त्या दिवसापासून ह्या रोगाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहता येऊ लागले. असे असूनही आपल्या पाड्यांवर अजून बाहेरची बाधा झाली, कोणी करणी केली, आईबापांचे पाप भोवले, असे बोलले जाते, आणि बेडक्याची तपासणी होण्यापूर्वी भगताच्या पुढ्यात कोंबडे जाते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. गतजन्मीच्या कर्माने ह्या जन्मी दारिद्र्य व रोग येतात, ही शिकवण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. ह्या शिकवणीमुळे गरिबांच्या हालांची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता येते, असे त्यांचे म्हणणे होते. क्षयरोगाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. रोग्याचे पाप शोधणारा मनुष्य त्याच्या घरातील धान्याची कणगी उघडून पाहत नाही.

कणगी का पाहावयाची, ते सांगतो. क्षयाचा जंतू रोग्याच्या खोकल्यातून हवेत जातो आणि कोंदट घरात दुसऱ्याच्या श्वासावाटे आत शिरतो. भांड्याने, कपड्याने किंवा एका पंक्तीला जेवल्याने तो लागत नाही. जंतू शरीरात शिरलेल्या शंभर माणसांपैकी साधारण पाच ते दहाच माणसे आयुष्यात केव्हातरी आजारी पडतात. इतरांचे शरीर त्याला दाबून ठेवते. मग ती पाच-दहा कोण? ज्यांना मधुमेह आहे, एच.आय.व्ही.ची बाधा आहे, जे दारू पितात, विड्या ओढतात, दगडाच्या खाणीत धूळ खातात, अशांचा त्यांत भरणा असतो. परंतु आपल्या देशात ह्या सर्वांहून मोठे कारण अर्धपोटी राहणे हे आहे. कुपोषित माणसाला क्षय होण्याचा धोका चांगले खाणाऱ्या माणसाच्या सुमारे तिप्पट असतो.

आता आपल्या मुलखाकडे या. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला. परंतु जव्हार-मोखाड्याचे डोंगर, उतारावरची नागली, वरई व थोडासा भात आणि दिवाळीनंतर रिकामी होणारी घरे, हे होते तसेच राहिले. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर, आणि त्यांच्या सोबतीने राहणारी आपली बौद्ध कुटुंबे, सर्वांची वर्षाची वाट एकच. भात झोडून झाला, की मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, नाशिककडच्या द्राक्षबागांत जावयाचे. शिमग्याला दोन दिवस तोंड दाखवून पुन्हा जावयाचे आणि पावसाच्या तोंडावर परतावयाचे. मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि ह्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बाया चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंडे घेऊन बसतात. हा विषय निराळा आहे, म्हणून येथेच थांबतो. पण एक हंडा पाण्यासाठी दोन टेकड्या चढणाऱ्या बाईच्या पोटात नागलीच्या भाकरीखेरीज काय जाते, हे आपण जाणता.

1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर कुपोषण हा शब्द सरकारी कागदोपत्री रूढ झाला. अंगणवाडीत मुलांसाठी वजनकाटा आला, 2015 पासून गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजनेचे जेवण आले. ह्या गोष्टी चांगल्याच झाल्या. परंतु एक चूक झाली, असे माझे मत आहे. उपासमार हे लहान मुलांचे दुखणे समजले गेले. त्या मुलाच्या बापाला काट्यावर कोणी उभे केले नाही, आजोबांना केले नाही, वीटभट्टीवरून वाळून आलेल्या आत्याला केले नाही. क्षय बहुधा ह्यांच्यापासून घरात येतो आणि मग मुलाकडे जातो.

डॉ. अभय बंग ह्यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने 2018 साली अहवाल दिला. त्यात आदिवासींमधील क्षयाचे प्रमाण दर लाखामागे 703 आणि इतरांमधील 256 असे दाखविले आहे. हा जवळजवळ तिपटीचा फरक जंतूने केलेला नाही. जंतूला जात कळत नाही, जमात कळत नाही. भारतातून 2025 पर्यंत क्षयाचे उच्चाटन करण्याचे ध्येय सरकारने 2018 साली जाहीर केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतातील नव्या रुग्णांचे वार्षिक प्रमाण 2015 साली लाखामागे 237 होते, ते 2024 साली 187 वर आले. घट झाली, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु उच्चाटन झाले नाही, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा अजून भारतातच आहे.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या 1956 साली नागपूरला आपल्या लाखो बांधवांनी धम्म स्वीकारला, त्याच साली मद्रास शहरात एक प्रयोग सुरू झाला. क्षयाच्या 193 गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून विश्रांती, चांगला आहार व औषधे दिली. दुसऱ्या गटाला त्यांच्या दाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. वर्षाअखेर दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. 1959 साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाच्या उपचाराची रीत बदलली. गरिबाला आरोग्यधामाचा खर्च नको, घरी राहून तो बरा होऊ शकतो, ही मोठीच मुक्ती होती. परंतु त्यातून एक सोयीचा अर्थही काढला गेला, की औषध पुरेसे आहे, अन्नाची चिंता करण्याचे कारण नाही. प्रयोगाने सिद्ध केले होते ते एवढेच, की नियमित औषधाने जंतू मरतो. घरातील दुसरा माणूस उपाशी असल्यास त्याला रोग होतो किंवा नाही, ह्याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर यावयास साठांहून अधिक वर्षे लागली. झारखंडातील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव ह्यांनी 2,800 रुग्णांच्या घरांतील 10,345 माणसांचा अभ्यास केला. सर्व रुग्णांना दरमहा सुमारे 10 किलो शिधा मिळाला: तांदूळ, सातू, दूधभुकटी व तेल. निम्म्या भागात घरातील इतरांनाही माणशी 5 किलो तांदूळ व दीड किलो डाळ देण्यात आली. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नवे रुग्ण होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले, आणि बेडक्यातून पसरणाऱ्या क्षयाचे प्रमाण 48 टक्क्यांनी. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णाचे वजन 5 टक्के वाढले, त्याच्या मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसाचे 5 टक्के म्हणजे दोन किलो. दोन किलो वजनावर जगणे-मरणे अवलंबून असते, हे ह्यापुढे कोणी नाकारू शकत नाही.

आळवी नगरीची कथा आपण विहारात ऐकली असेल. भगवान बुद्ध तेथे धम्म सांगण्यासाठी आले होते. एक गरीब शेतकरी ऐकण्याच्या इच्छेने निघाला, पण त्याचा बैल हरवला होता. दिवसभर रान तुडवून बैल सापडल्यावर तो तसाच उपाशीपोटी सभेत आला. तथागतांनी उपदेश थांबवून प्रथम त्याला जेवावयास वाढण्यास सांगितले. त्याचे पोट भरल्यावरच त्यांनी बोलण्यास आरंभ केला. भिक्षूंना ह्याचे नवल वाटले. मला मात्र वाटते, की हे दृश्य प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवावे.

आता कायद्याकडे वळतो, कारण ते माझे काम आहे. संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे हे राज्याचे एक प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. 21 व्या अनुच्छेदात जीविताचा हक्क आहे. 1996 साली पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गरजू माणसाला सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा ह्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही. तो खटला रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराचा होता. त्याला कलकत्त्यातील एकामागून एक रुग्णालयांनी परत पाठविले होते. तेव्हा जव्हारच्या कुटीर रुग्णालयात, मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात अगर खोडाळ्याच्या आरोग्य केंद्रात आपण जातो, ते कोणाच्या मेहरबानीवर जात नाही.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम, बेडक्यातून रक्त, ह्यांपैकी काहीही असल्यास बेडक्याची तपासणी फुकट होते. काही तासांत निकाल देणारे ट्रूनॅट यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होते. यंत्र लांब असेल तर बेडका तेथे पोहोचविणे हे आरोग्य यंत्रणेचे काम आहे. 2019 ते 2021 ह्या काळातील राष्ट्रीय पाहणीत असे दिसले, की सापडलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक केवळ क्ष-किरण चित्रामुळे सापडले. म्हणून पाड्यावर क्ष-किरण यंत्र येईल त्या दिवशी, खोकला नसला तरी, घरातील सर्वांनी जावे. रोग निघाल्यास औषधे फुकट. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. त्यात लघवी नारिंगी होते, ते औषधाच्या रंगाने होते. त्याला रक्त समजून गोळ्या टाकू नयेत.

अन्नासाठी निक्षय पोषण योजनेतून 1 एप्रिल 2018 पासून दरमहा 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. सहा महिन्यांचे सहा हजार दोन हप्त्यांत येतात, पहिले तीन हजार उपचाराच्या आरंभीच. आदिवासी क्षेत्रातील रुग्णाला प्रवासासाठी 750 रुपये वेगळे. पैसे येतात ते बँकेच्या खात्यात, आणि येथेच माशी शिंकते. खाते बंद पडलेले असते, आधारवरील नाव व पासबुकावरील नाव जुळत नाही, आणि रुग्ण बरा होतो किंवा मरतो तेव्हा पहिला हप्ता येतो. विहारातील शिकलेल्या मुलांनी हे काम अंगावर घ्यावे. त्यासाठी वकील लागत नाही. एक दुपार आणि थोडा चिवटपणा लागतो. शिवाय हजार रुपये रुग्णाचे आहेत, घराचे नव्हेत. घराचे अन्न 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहे: अंत्योदय कुटुंबाला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. हे धान्य आता भिवंडीच्या दुकानातही त्याच शिधापत्रिकेवर उचलता येते. वीटभट्टीवर जाताना कार्ड शेठच्या पेटीत ठेवू नका.

दीक्षा घेतल्याने दाखला जातो, सवलत जाते, अशी एक अफवा काही पाड्यांवर पसरविली जाते. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश झाला आहे. आणि क्षयाच्या औषधाला तर कोणताच दाखला लागत नाही.

आता त्या अशिलाची हकीकत. काही वर्षांपूर्वी एक तरुण बाई आपल्या भावासोबत माझ्याकडे आली. दीक्षा घेतलेलेच कुटुंब. तिला क्षय निघाला, आणि पंधरा दिवसांच्या आत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. नवऱ्याला सोडचिठ्ठी हवी होती. मी उत्साहाने कामाला लागलो. हिंदू विवाह कायदा 1955 हा बौद्धांनाही लागू आहे, आणि त्यातील घटस्फोटाच्या कारणांत क्षयरोग नाही, कधीही नव्हता. कुष्ठरोग होता, तोही 2019 साली काढून टाकण्यात आला. मी नोटीस पाठविली, पोटगीचा अर्ज केला. कायद्याच्या दृष्टीने सारे बिनचूक होते. फक्त एक प्रश्न मी विचारला नाही: बाई, गोळ्या चालू आहेत ना?

त्या चालू नव्हत्या. तिचे उपचाराचे कार्ड सासरच्या गावच्या केंद्रात होते, आणि माहेरच्या केंद्रात गेल्यास परत पाठवतील, ह्या भीतीने ती गेलीच नव्हती. वस्तुस्थिती अशी, की रुग्णाची नोंद निक्षय क्रमांकाने देशभर एकच असते आणि उपचार कोणत्याही गावी वर्ग करून घेता येतो. हे तिला ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. दोन तारखा होऊन गेल्यावर ती कोर्टाच्या पायरीवर खोकताना दिसली, तेव्हा मी चौकशी केली. तोवर औषध सुटून दोन महिने झाले होते आणि रोगाने साध्या गोळ्यांना दाद देणे सोडले होते. सहा महिन्यांत संपणारे दुखणे पुढे दीड वर्ष चालले. ती वाचली. पोटगीही मिळाली. पण माझ्या अर्जातील एकही कलम तिच्या त्या दीड वर्षाची भरपाई करू शकले नाही.

सासरच्या माणसांना मी पुढे एक गोष्ट समजावून सांगितली, ती आपणांसही सांगतो. औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत रोग्याची संसर्ग पसरविण्याची शक्ती फार कमी होते. ज्या दिवशी त्यांनी तिला घराबाहेर काढले, तेव्हा धोका बहुतेक सरला होता. रोग निघण्यापूर्वीचे महिने ती त्याच घरात खोकत, भाकऱ्या थापत होती. घरातील कोणाची तपासणी व्हावयाची असेल तर ती तेव्हाच व्हावयास हवी होती. रुग्णाच्या घरातील निरोगी माणसांनाही आता प्रतिबंधक औषध मिळते. हे कुटुंब ते घेण्यास गेले नाही. त्यांनी सुनेला काढले आणि जंतू घरी ठेवला.

भगवान बुद्धांनी आनंदासह एका आजारी भिक्षूला स्वतः पाणी घालून धुतले, अंथरुणावर निजविले, आणि त्याच्याकडे पाठ फिरविणाऱ्या इतर भिक्षूंना जाब विचारला, ही कथा ज्यांना माहीत आहे, त्यांच्या घरातून आजारी सून बाहेर जाते, ही गोष्ट मी नोटिशीच्या भाषेत सांगू शकत नाही. जी बाई अशा प्रसंगात सापडेल, तिने हे लक्षात ठेवावे: पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो, घरात राहण्याचा हक्क 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आहे, आणि 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या कोणाही माणसाला वकील फुकट मिळतो.

औषध सुटल्याने होणारा हट्टी क्षय हा स्थलांतर करणाऱ्यांचा मोठा शत्रू आहे. त्यावर बेडाक्विलिन हे औषध आहे. 2017 साली दिल्ली उच्च न्यायालयात पाटण्याच्या एका मुलीचा पिता गेला होता; मुलगी दिल्लीची रहिवासी नाही, ह्या कारणाने तिला ते नाकारण्यात आले होते. न्यायालयात प्रकरण गेल्यावर तिला औषध मिळाले, पण फार उशिरा. पुढे ती वाचली नाही. ह्याच औषधावरील मक्तेदारी वाढवून मागणारा एका परदेशी कंपनीचा पेटंट अर्ज मार्च 2023 मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्याला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची नंदिता वेंकटेशन होती. क्षयाच्या उपचारात तिची श्रवणशक्ती गेली होती. जिला निकाल कानांनी ऐकता आला नसता, तिने तो लाखो लोकांसाठी मिळविला. आज हट्टी क्षयाचाही अनेकांना सहा महिन्यांचा उपचार मिळू शकतो. औषध केंद्रात संपले असे सांगितले, तर तसे लेखी मागा. मार्च 2024 मध्ये देशात तुटवडा झाला, तेव्हा केंद्र सरकारने राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगितले होते. म्हणजे मार्ग असतो.

आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला येथे विशेष अधिकार दिलेले आहेत. दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: स्थलांतराला निघणाऱ्या प्रत्येक माणसाचे वजन व्हावे, खोकणाऱ्याचा बेडका तपासावा, आणि ज्याचा उपचार चालू आहे त्याच्या हाती कार्ड, निक्षय क्रमांक आणि तो ज्या गावी जात आहे तेथील केंद्राचे नाव द्यावे. मुकादम उचलीचा हिशेब वहीत लिहितो. विहारानेही एक वही घालावी. आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा ज्यांनी घेतली आहे, त्यांनी निदान त्या सहा महिन्यांत ती मोडू नये. गोळ्या यकृतावर भारी असतात, त्यात दारूची भर पडल्यास कावीळ होण्याचा धोका वाढतो.

सभा संपल्यावर मी येथेच बसणार आहे. ज्यांच्या खात्यात पैसे आले नाहीत, त्यांनी पासबुक व आधार घेऊन माझ्याकडे यावे. ज्यांच्या घरी कोणी खोकत आहे, त्यांनी आधी दाराशी बसलेल्या आशाताईंकडे जावे. बेडक्याच्या डब्या त्यांच्यापाशी आहेत. माझ्याकडे नंतर आले तरी चालेल.

जयभीम.